जिमला लागताय? पहिले तीन महिने जाणकाराच्या नजरेखाली काढा

जिममध्ये व्यायाम करता करता कुणीतरी कोसळल्याचा व्हिडिओ थोड्या थोड्या दिवसांनी मोबाइलवर येतोच. ऑक्टोबर 2021मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या 46व्या वर्षी गेले. सकाळच्या व्यायामानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं होतं. सोलापुरात कन्नड बोलणारी घरं पुष्कळ, त्यामुळे ती बातमी इथे जिव्हारी लागली. "एवढा व्यायाम करणारा माणूस जातो, मग आपण कशाला त्या भानगडीत पडायचं?" हा प्रश्न तेव्हापासून अधूनमधून कानावर येतो.

दुसरीकडे, शुगर वाढली किंवा गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांकडे जावं, तर आता नुसतं "चाला" म्हणून ते थांबत नाहीत. "थोडं वजनही उचला" असं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांमध्ये सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीच्या पुढच्यांना तर ताकद आणि तोल या दोन्हींचा व्यायाम तीन दिवस करायला सांगितलंय.

उचलायचं की नाही उचलायचं? माझं उत्तर आहे, उचलायचंच. फक्त सुरुवातीचे दोन-तीन महिने जाणकार माणूस समोर उभा असू द्या. त्यामागचं कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे, आणि ते समजलं की ट्रेनरला दिलेले पैसे वायफळ वाटत नाहीत.

ताकदीचा व्यायाम म्हणजे नेमकं काय?

स्नायूला पेलायला थोडं जड जाईल असं काम द्यायचं, त्याला विश्रांती द्यायची आणि मग काम किंचित वाढवायचं. स्ट्रेंथ ट्रेनिंग म्हणतात ते हेच. वजन म्हणून डंबेल असेल, लोखंडी बार असेल, रबरी पट्टा असेल किंवा स्वतःचं शरीर असेल. एकदा उचलून खाली ठेवलं की एक रेप, आणि न थांबता केलेल्या रेप्सचा एक सेट. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं समजेल.

वजन हळूहळू वाढवत न्यायची पद्धत वैद्यकशास्त्रात रुजवली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जखमी सैनिकांचे पाय पुन्हा कामाचे करण्यासाठी त्यांनी ती वापरली. म्हणजे ही पद्धत वाढली तीच मुळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखावलेल्या माणसांवर.

आणि गरज कशाला? तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. जेवणानंतर रक्तातली साखर खेचून घेणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. तीच आकसली की साखर रक्तातच राहते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, तेव्हा हा विषय फक्त दंड दाखवणाऱ्या पोरांचा राहिलेला नाही.

एकाच अंगात तीन वेग

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. पहिल्या दिवशी 10 किलो जड वाटत होतं, महिन्याभरात 20 किलो हसत हसत उठतं. पण आरशात बघाल तर दंड तेवढाच. कारण या काळात वाढ होते ती मुख्यतः मज्जासंस्थेची. असलेले स्नायू एकदम आणि योग्य क्रमाने कामाला कसे लावायचे, हे मेंदू शिकतो. स्नायूची खरी जाडी त्यानंतर, हळूहळू दिसायला लागते.

तिसरा गडी सगळ्यात संथ. स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी असते, तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ना, ती शरीरातली सगळ्यात जाड कंडरा. कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या वजनाला सरावायला स्नायूपेक्षा जास्त वेळ घेतात. त्यांना कित्येक महिने लागतात.

आता हे तिन्ही एकत्र ठेवून बघा. दीड महिना झालाय, मेंदू तयार आहे, स्नायू तयार होतोय, कंडरा अजून मागेच आहेत. माणसाला मात्र आतून वाटतं, "आता जमतंय, वाढव वजन." थकवा जाणवतो, धाप जाणवते, पण कंडरा तयार नसल्याची कुठलीही जाणीव शरीर आगाऊ देत नाही. देतं ते थेट दुखणं. खांद्याच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या बाहेर, गुडघ्याच्या वाटीखाली. म्हणून मला पहिल्या दिवसापेक्षा सहाव्या आठवड्याची जास्त काळजी वाटते. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो आणि जपून वागतो. सहाव्या आठवड्यात तो खुशीत असतो. "अजून पंधरा दिवस याच वजनावर राहा" असं सांगणारं कुणीतरी लागतं ते तेव्हा. ज्याने अशी शंभर माणसं पाहिली आहेत, त्याला ते ठाऊक असतं.

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही

गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला माणूस तो उंचच्या उंच ध्वज पेलत चालतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, याची ताकद अफाट. ताकद असतेच, पण यात्रेआधी सराव असतो, आधी पेललेली माणसं नव्याला शिकवतात, आणि मिरवणुकीतही त्याच्या आजूबाजूला सोबती असतात. त्याची नजर वर, म्हणून पायाखालची काळजी दुसऱ्यांनी घ्यायची. वजन उचलायला शिकणाऱ्याचंही तसंच असतं. ज्या जागी चूक होते तिथे त्याची स्वतःची नजर पोचत नाही.

विजापूर रोडवरच्या एका जिममध्ये पाहिलेली गोष्ट सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू नव्याने आल्या होत्या. कंबरदुखीची तक्रार, आणि ती नेमकी पाण्याच्या दिवशी वाढायची. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आलं की घरातलं झाडून सगळं भांडं भरायचं. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो पाणी, वर हंड्याचं वजन वेगळं. असे किती हंडे त्या मोरीतून स्वयंपाकघरात नेत असतील! ट्रेनर मुलीने त्यांच्या हाती डंबेल दिलंच नाही. एक साधी काठी त्यांच्या पाठीवर उभी धरली. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाच्या थोडं वर. "आता गुडघे जरासे सैल सोडा, आणि बसायला मागे खुर्ची आहे असं समजून कुल्ले मागे न्या. काठी सुटता कामा नये."

काकू वाकल्या आणि काठी खालून सुटली. पुन्हा वाकल्या, पुन्हा सुटली. "अगं, मी सरळच वाकतेय की!" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आयुष्यभर कंबरेतून वाकायची सवय, त्यामुळे तेच सरळ वाटायचं. मुलीने कुल्ल्यांना मागून हाताने हलकासा आधार दिला, "माझा हात मागे ढकला," म्हणाली, आणि काठी तिन्ही ठिकाणी टेकून राहिली. काकूंच्या मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला. "इथे लागतंय गं," त्या म्हणाल्या. "तिथेच लागायला हवं," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी एवढंच झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाईने पैसे भरले आणि काठी घेऊन नमस्कार घातले. पण वाकण्याचं काम कंबरेकडून कुल्ल्यांच्या आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे गेलं, आणि ते हंडा उचलतानाही तसंच राहणार. व्हिडिओ बघून हे कळत नाही, कारण व्हिडिओत दुसऱ्याची पाठ दिसते.

वजन किती घ्यायचं?

या प्रश्नावर नवखा माणूस दोन्हीकडून चुकतो. बहुतेक जण फार हलकं उचलतात. घाम येतो, समाधान मिळतं, पण स्नायूला जागं होण्याएवढं कामच पडत नाही. सहा महिन्यांनी म्हणतात, "काही फरक नाही बुवा." उरलेले शेजारच्याचं बघून भलतंच उचलतात.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 20 तरुणांना 12 आठवडे एकच कार्यक्रम दिला. अर्ध्यांना समोर प्रशिक्षक होता, अर्धे आपापलं करत होते. व्यायाम तेच, वेळापत्रक तेच. तरीही प्रशिक्षक असलेल्यांची ताकद जास्त वाढली, कारण त्यांनी वजन वेळच्या वेळी वाढवलं. गंमत म्हणजे हे नवखेही नव्हते, आधी व्यायाम केलेले होते. अभ्यास छोटा आहे, एवढ्यावर सगळा इमला उभारू नये. पण जाणकार माणूस फक्त आवर घालतो असं नाही, गरज असेल तिथे पुढेही ढकलतो, हे त्यातून दिसतं.

सुरुवातीला चांगला अंदाज असा: सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन रेप नीट झाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. हा अंदाज नवख्याला येत नाही. शिकवणारा तो बारच्या वेगावरून आणि तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो.

अति झालं तर काय होतं, तेही सांगून टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणं ठीक आहे, ते आपोआप जातं. पण पहिल्याच दिवशी मित्राने चॅलेंज दिलं म्हणून शेकडो बैठका मारल्या, त्यात सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीपार, वर पत्र्याचं छत आणि पोटात पाणी नाही, तर स्नायूंचे तंतू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. स्नायू सुजून दगड होतात, लघवी गडद तपकिरी होते. असं दिसलं तर हळद-दूध घेत घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

मग हृदयाचं काय?

ही भीती खोटी नाही, पण ती अर्धवट समजलेली आहे. 1993मध्ये अमेरिकेत हार्ट अटॅक आलेल्या 1,228 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एरवी व्यायाम न करणाऱ्या माणसाने अचानक जोराचे श्रम केले, तर त्यानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका त्याच्या नेहमीच्या धोक्याच्या 107 पट झालेला दिसला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा श्रम करणाऱ्यांत तोच आकडा 2.4 पट होता. एखाद्या तासात अटॅक येण्याची मूळ शक्यताच अगदी बारीक असते, म्हणून 107 हा आकडा वाचून दचकू नका. त्यातला अर्थ ध्यानात घ्या. सवय नसताना एकदम झेप घेणं घातक आहे, आणि नियमित व्यायामाने तोच धोका उतरतो. पायरी पायरीने चढवणारा माणूस हवा तो यासाठीच.

दुसरी गोष्ट श्वासाची. जड उचलताना आपण नकळत श्वास कोंडून जोर लावतो. 1985मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात मुरलेल्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब थेट धमनीतून मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलायचा व्यायाम, करताना तो सरासरी 320/250पर्यंत गेला होता. ते अगदी टोकाचं वजन होतं, आणि दाब लगेच उतरतो. पण ज्याचा बीपी आधीच वाढलेला आहे आणि त्याला ते माहीतच नाही, त्याने श्वास कोंडून जोर लावू नये. जोर लावताना श्वास सोडायचा, ही सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे. समोरचा माणूस "श्वास... श्वास सोडा" म्हणत राहतो तेव्हाच ती लागते.

छातीत दुखणं, चालताना चक्कर, थोड्याशा श्रमाने धाप, घरात कमी वयात हृदयविकार, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग जिम. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या वेळा आणि खाणं यांची सांगड डॉक्टरांना विचारूनच घाला, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.

"आमच्या आजोबांनी कुठे ट्रेनर लावला होता?"

लावला होता की. त्याला वस्ताद म्हणायचे. पेठेतल्या तालमीत पोरगं गेलं की पहिल्या दिवशी मोजकेच जोर, मोजक्याच बैठका, आणि आखाड्याबाहेर बसून बघायचं काम जास्त. मुद्गल हातात कधी द्यायचा ते वस्ताद ठरवणार. शिवाय ते पोरगं दहा-बारा वर्षांचं असायचं आणि दिवसभर चालायचं, पळायचं. आज जिमची पायरी चढणारा माणूस चाळिशीचा असतो आणि वीस वर्षं खुर्चीवर बसलेला असतो. त्याला वस्तादाची गरज आजोबांपेक्षा जास्तच आहे.

"दिवसभर कष्टच करतो, आणखी व्यायाम कशाला?"

यंत्रमागावर उभं राहणाऱ्या कामगाराचं किंवा विड्या वळणाऱ्या बाईचं हे म्हणणं मला मनापासून पटतं. त्यांना कुणी आळशी म्हणू नये. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात तेच तेच स्नायू रोज झिजतात आणि बाकीचे पडून राहतात. विडी वळताना मान खाली, पाठ वाकलेली, बोटं चालू, तासन्‌तास. त्या बाईला जाणकार माणूस छातीचे व्यायाम आधी देणार नाही. तो पाठीचा वरचा भाग, मान आणि कुल्ले यांपासून सुरुवात करेल. दिवसभर उभं राहणाऱ्याला वेगळं देईल, आणि रात्रपाळी करून आलेल्याला त्या दिवशी घरी जाऊन झोपायला सांगेल. रीलमधल्या ट्रेनरला तुमचं काम माहीत नसतं.

बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी वजन उचलायचं?

त्यांनी तर नक्कीच. दंड पुरुषासारखे होतील ही भीती सोडा. ते वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बायकांमध्ये पुरुषांच्या तुलनेत फारच थोडं असतं.

पाळी थांबल्यावर हाडं वेगाने ठिसूळ होतात. ऑस्ट्रेलियात अशा 101 महिलांवर प्रयोग झाला, 2018मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आठ महिने, आणि वजन खरोखर जड. मणक्याच्या हाडांची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती 1.2 टक्क्यांनी घटली. ठिसूळ हाडांच्या बायकांना जड वजन दिलं तर हाडं मोडतील अशी भीती होती, तसं झालं नाही. पण पहिला महिना हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकण्यात गेला होता, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक हजर होता. घरी एकट्याने हाच प्रयोग करू नका.

वयाबद्दल म्हणाल, तर 1990मध्ये बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वयाच्या माणसांनी देखरेखीखाली आठ आठवडे पायांचा व्यायाम केला. मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. आपले आजोबा-आजी खुर्चीतून उठताना हात टेकतात, त्यांच्यासाठी याचा अर्थ केवढा मोठा आहे!

जाणकार ओळखायचा कसा?

आपल्या देशात जिम ट्रेनर होण्यासाठी डॉक्टरांसारखा परवाना लागत नाही. त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. त्याचे दंड बघू नका, तो काय विचारतो ते ऐका. झोप किती, काम कोणतं, औषधं कोणती, कुठे दुखतं, आधी ऑपरेशन झालंय का. कॅनडात 1970च्या दशकात तयार झालेली सात प्रश्नांची एक तपासणी यादी जगभर वापरतात. निदान तेवढं तरी त्याने विचारावं. काहीच न विचारता ज्याने थेट बेंचवर झोपवलं, तिथून बाहेर पडा. लिहून ठेवणारा असावा: आज किती किलो, किती रेप. वही नसेल तर वाढ अंदाजपंचे होते. आणि दुखतंय म्हटल्यावर "नो पेन, नो गेन" न ओरडता व्यायाम बदलून देणारा असावा. जुनं दुखणं किंवा मोठं ऑपरेशन असेल तर पहिली भेट फिजिओथेरपिस्टची घ्या.

पावडरचा डबा पहिल्याच आठवड्यात पुढे करणाऱ्यापासून सावध. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024च्या आहारसूचनांत स्नायूंसाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे. भाकरीबरोबर डाळ, उसळ, दही, अंडी आणि मूठभर शेंगदाणे यांवर नवख्याचं पुष्कळ भागतं. आणि कुणी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय काढला, तर जिम त्याच दिवशी बदला.

परवडणार कसं?

वर्षभराचा पर्सनल ट्रेनर बहुतेकांना परवडत नाही आणि लागतही नाही. शेजारच्या दोघी-तिघी मिळून एकच ट्रेनर ठरवा, आठवड्यातून दोन दिवस, तीन महिने. तेवढ्या काळात पाच-सहा मूळ हालचाली पक्क्या होतात: बसून उठणं, कुल्ल्यातून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, डोक्यावर नेणं, हातात वजन घेऊन चालणं. या तुम्हाला कुणी न सांगता करता आल्या, दोन-तीन रेप शिल्लक ठेवण्याचा अंदाज बसला आणि वही तुम्ही स्वतः भरायला लागलात की ट्रेनर सोडायला हरकत नाही. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यातून एकदा त्यालाच दाखवून घ्या. वजन बरंच वाढलं किंवा नवा व्यायाम घ्यायचा ठरला, तर तेवढ्यापुरते दोन-चार तास पुन्हा विकत घ्या. वार्षिक फी एकरकमी भरण्याआधी तीन महिन्यांचीच भरा, आणि उरलेले पैसे शिकवणाऱ्याला द्या.